दोन पट्ट्यांचं यंत्र

सौंसरच्या आमच्या घरात पुढं वर्कशॉप होतं आणि मागं आम्ही राहायचो. मधे भिंत होती, पण ती माणसांपुरती. आवाज तिला जुमानत नसे. सकाळी डोळे उघडायच्या आधीच कानात शेपरची ये-जा सुरू झालेली असायची. लोखंड तासायचं ते यंत्र. पुढं जाताना कापत जायचं, म्हणून त्याचा श्वास लांब आणि जड. मागं येताना रिकामं, म्हणून घाईचा आणि हलका. मी गोधडीत पडल्यापडल्या त्याच्या श्वासाला आपला श्वास जुळवत राहायचो, आणि मग पुन्हा झोप लागायची. त्या झोपेत एखादं मोठं, गरीब जनावर शेजारी निजलंय असं वाटायचं. मागच्या पडवीत आई चुलीपुढं भाकरी थापायची. ज्वारीच्या भाकरीचा आणि तापल्या ऑइलचा वास एकत्र यायचा. अजूनही कुठं तापलेल्या ऑइलचा वास आला की मला भूक लागते. माझी मुलं हसतात.

दिवाळीच्या आगंमागं जिना सुरू झाल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायचे आमच्याकडचे कारखाने, की सगळ्या गावाची हवाच बदलायची. रुईचे तंतू विजेच्या तारांवर, माणसांच्या भुवयांवर, उघड्या राहिलेल्या वरणाच्या भांड्यात. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात ते पोहताना दिसायचे, आणि त्यांना खाली पडायची अजिबात घाई नसायची. माझं ते सगळं वय मला तसंच आठवतं, हवेत राहून गेलेलं. म्हणूनच कदाचित त्याबद्दल आजवर बोललो नाही. खाली पडलं असतं तर झाडून टाकता आलं असतं.

वर्कशॉपचे मालक बाबा, पण ते चालायचं सुखदेव मिस्त्रींच्या डोळ्यावर. रामाकोन्याहून रोज सायकलनं यायचे. जिनच्या यंत्रांची दातेरी चाकं, म्हणजे गियर, तेच कापायचे. दात्याच्या आकाराचा पत्र्याचा एक तुकडा त्यांच्या खिशात असायचा, त्याला फर्मा म्हणत. दाता कापून झाला की त्यावर फर्मा लावायचे, चाक दाराच्या उजेडासमोर धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि फटीतून येणाऱ्या उजेडाकडं बघत राहायचे. त्या वेळी बाबासुद्धा बोलत नसत. मग म्हणायचे, "झालं." नाहीतर, "अजून एक केस." आणि शेपर पुन्हा श्वास घेऊ लागायचा. मी त्यांना काका म्हणायचो. लेथवर हात कसा ठेवावा, आपली नखं कशी वाचवावी, हे मला बाबांनी नाही, त्यांनी शिकवलं.

आणि त्याच काकांचा चहाचा कप आमच्या घरात वेगळा होता. निळ्या फुलाचा, खिडकीच्या गजाला अडकवलेला. ते बौद्ध, आम्ही कुणबी. कुणी कधी तोंडानं काही म्हटलं नाही. आई त्यांना पातोडीचा रस्सा आग्रहानं वाढायची, "घ्या वो मिस्त्री, लाजू नोका," आणि कप ते स्वतःच विसळून गजाला लावून टाकायचे. या कपाबद्दल लिहू की नको, यात माझे दोन दिवस गेले. लिहितो, कारण पुढं जे घडलं ते इतक्या सहज घडलं त्यात त्या कपाचाही हात आहे असं मला वाटतं.

मी नागपूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात होतो. त्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याची एक कधीची बंद पडलेली जिन मोडीत निघाली, आणि तिच्या वर्कशॉपातलं सामान बाबांनी घेतलं. ते आणायला ट्रॅक्टर घेऊन मी आणि काका गेलो. तसं वर्कशॉप मी पुन्हा पाहिलं नाही. छपराच्या पत्र्याला भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकातून उन्हाचा एक दांडा जमिनीपर्यंत उतरला होता. खिडकीतून घाणेरीचं झुडूप आत आलं होतं आणि लेथच्या चाकाला धरून फुललं होतं. कबुतरं बोलत होती. काका दारातच थांबले, टोपी काढली, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गजू, इथं कोणीतरी लई मन लावून काम करून गेला हाय रे बापू. पाह्य, एकेक पान्ह्याची जागा आखली हाय भिंतीवर."

बाकाचा एक खण फुगून बसला होता. काकांनी त्याला चारी बाजूंनी हातोडीच्या दांड्यानं गोंजारल्यासारखं ठोकलं, आणि तो निघाला. आत लाकडी पेटी, पेटीत निळी मखमल, आणि मखमलीत ते. वितीएवढं असेल. एक पट्टी उभी आणि एक आडवी, काटकोनात जोडलेल्या, दोन्हींवर केसासारख्या बारीक रेघा. आडव्या पट्टीला खाली दोन चोची, जवळ-दूर होणाऱ्या. आणि त्या दोन चोचींच्या मधोमध, उभ्या पट्टीबरोबर वर-खाली सरकणारी एक पातळ जीभ. बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर मी कॉलेजात पाहिलं होतं, पण एकाच अंगाला दोन व्हर्नियर कशासाठी, ते मला सांगता येईना. उन्हाच्या दांड्यात धरलं तर ते आतून पाणी असल्यासारखं चमकलं.

घरी त्याच्याभोवती सगळे जमले. आई म्हणाली, "सोनाराचं असन माय. मनगट मोजाचं."

"अवं, सोनार कायले इतकं मोजन?" बाबा म्हणाले. "तो तं डोयानंच कापते गिऱ्हाइकाले."

"मंग डाक्टरचं. दात काढाचं."

"हो, हत्तीचे," बाबा म्हणाले, आणि आई पदरात तोंड घालून हसत सुटली.

काका हसले नाहीत. पाटावर बसून त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. जीभ खाली केली, वर केली. चोचींमधे आपलं बोट धरलं, मग बोल्टचं डोकं धरलं, मग सुपारी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दोन पट्ट्या हायेत म्हणजे दोन गोष्टी एकाच टायमाले मोजते. ही जीभ कशावर तरी टेकवाची, आन् चोचीनं बाजू धराच्या. पण कशाच्या, ते काही समजून नाही राहिलं." मग पेटी माझ्याकडं दिली. "तू कालेजात विचार. नाव समजलं तं मले सांगजो बरं. बिना नावाचं अवजार हातात बरं नाही वाटत."

मी वहीत त्याचं चित्र काढून नेलं. आमचे गियर शिकवणारे सर चित्राकडं पाहून हळूच हसले. म्हणाले, "हे दात्याचं व्हर्नियर. गियर टूथ व्हर्नियर. पुस्तकात यावर एक पान आहे, जे तुमच्यापैकी कुणी वाचत नाही." मग खडूनं दाता काढून दाखवला. गियरचा दाता शेंड्याला निमुळता, बुडाला रुंद असतो. त्याची जाडी मोजायची तर शेंड्यापासून किती खाली मोजली हे आधी ठरवावं लागतं. जीभ शेंड्यावर टेकते, ती खोली पकडते. चोची त्या खोलीवरची जाडी धरतात. जीभ जरा वर राहिली तर चोची शेंड्याकडं सरकतात आणि दाता आहे त्याहून बारीक दिसतो. काकांनी सुपारी हातात घेऊन जवळजवळ हेच सांगितलं होतं. आयुष्यभर गियर कापणाऱ्या माणसाच्या हातात गियरचंच माप होतं, फक्त समोर दाता धरायचा राहिला.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा काकांनी सायकल निंबाला टेकवतानाच विचारलं, "समजलं का गा, नाव?"

मी म्हणालो, "नाही अजून."

का म्हणालो? इतक्या वर्षांत या एका प्रश्नावर मी जितका बसलो असेन तितका नोकरीच्या कोणत्याच कामावर बसलो नाही. त्यांच्यावर राग नव्हता. मला वाटतं, त्या घरात, त्या वर्कशॉपात, मला पहिल्यांदा असं काही ठाऊक होतं जे त्यांना नव्हतं, आणि ते मला थोडे दिवस मखमलीत ठेवायचं होतं. इतकंच. एवढ्याशा गोष्टीला कारण असं नावच नसतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका दरवर्षी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, म्हणून आमच्याकडच्या शस्त्रपूजेला ते कधी नसत. ती पूजा म्हणजे आईचा दिवस. आदल्या दिवशीच सगळी अवजारं घासूनपुसून ठेवलेली असायची. सकाळी लेथला झेंडूचा हार, शेपरला हार, पान्हे, कानशी, हातोड्या पाटावर मांडलेल्या, आपट्याची पानं, नारळ, उदबत्तीचा धूर ऑइलच्या वासात मिसळून वर चढत असलेला. आई प्रत्येक अवजाराला ओलं हळदकुंकू लावायची, माणसाला लावावं तसं, कपाळ शोधून. हातोडीचं कपाळ तिला ठाऊक होतं, पान्ह्याचं ठाऊक होतं. पेटीतल्या नवीन पाहुण्यापाशी ती थांबली.

"याचं कपाय कोनतं गा, गजू?"

मी जिभेवर बोट ठेवलं. का, तर सगळ्यात पुढं तीच होती. आईनं अंगठ्यानं चांगलं भरघोस कुंकू लावलं, वर अक्षत टाकली, हात जोडले. संध्याकाळी मी यंत्र पुसून पेटीत ठेवलं. रेघा दिसाव्यात म्हणून पट्ट्या पुसल्या. चमकणारी अंगं पुसली.

पुढच्या महिन्यात, दिवाळीला मी पुन्हा घरी आलो तेव्हा, तिगावच्या वाटेवरच्या एका जिनमधून निरोप आला. त्यांच्यासाठी काकांनी कापलेलं मोठं गियर नुकतंच बसवलं होतं, आणि ते खडखड करत होतं. बाबा, काका आणि मी जिपड्यानं गेलो. निघताना मी पेटी काखेत घेतली. बाबांनी विचारलं तर म्हणालो, "राहू द्या, लागन."

जिनच्या शेठजींनी यंत्रं थांबवली. इतका आवाज एकदम थांबला की कानात शांतता वाजू लागली. हवेतली रुई हळूहळू खाली यायला लागली, आमच्या डोक्यावर, खांद्यावर, कापूस टाकणाऱ्या बाया बाजूला उभ्या राहिल्या त्यांच्या पदरांवर. काकांनी गियरवरून हात फिरवला, मग ज्या दांड्यावर गियर होतं तो दोन्ही हातांनी धरून हलवला. दांडा ज्या धातूच्या कडीत फिरतो तिला बुश म्हणतात. म्हणाले, "चाक बराबर हाय, शेठजी. आतला बुश ढिला झाला असन. दांडा डुलून राहिला."

"बुश मागच्याच साली टाकला मिस्त्री," शेठजी म्हणाले. "नवं तं तुमचं चाकच हाय. जुन्यानं खडखड नव्हती."

"तरी बुश पाहा लागन."

"चाक पाहा ना पहिले."

तेव्हा मी पेटी उघडली. मला आठवतं, निळी मखमल पाहून एक बाई "अव्वा" म्हणाली. शेठजींनी विचारलं, "हे काय हाय?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गियर टूथ व्हर्नियर."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. सायकल टेकवताना त्यांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर, दोन्ही त्या पाहण्यात होतं. मी मान खाली घालून जीभ पुस्तकातल्या खोलीवर लावली, दात्यावर टेकवली, चोची मिटल्या, आकडा वाचला. मग दुसरा दाता, तिसरा. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाला कारागीर थाऊ म्हणतात. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "सगळे दाते बारीक आहेत. चौदा-चौदा थाऊ."

काका जवळ आले. अगदी शांतपणे म्हणाले, "सगळेच? सारखेच चौदा? हात चुकला असता तं एक कमी, एक जास्त झाला असता. सगळे सारखे चुकून राहिले म्हंजे यंत्रात पाह्य, बापू. एकदा ती जीभ पुसून लाव."

आज मला हे वाक्य कुणी शिष्यानं म्हटलं तर मी त्याची पाठ थोपटेन. मी नोकरीत मोजमापाचंच काम केलं, नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं: आकडा सारखा चुकतोय ना, मग आधी अवजार पुसा. पण त्या दिवशी वीस-पंचवीस माणसं बघत होती, त्यांच्या केसांत रुई होती, आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "तुमाले काय समजते यातलं, काका? हे डोया मिटून पाहाचं काम नोहे."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठजी म्हणाले, "मंग? अंदाजपंचे कापलं चाक. मले वाटलंच." कुणी म्हणालं नाही की गेली वीस वर्षं याच माणसाची चाकं इथं फिरतायत. मी बाबांकडं पाहिलं. बाबा एकदा काकांकडं, एकदा माझ्या हातातल्या चमकत्या वस्तूकडं बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "मिस्त्री, पोरगा शिकून आला आहे." नेहमी ते काकांशी "हाय" म्हणत, त्या दिवशी "आहे" म्हणाले.

काकांनी खिशातून चिंधी काढली, एकेक बोट पुसलं. फर्मा काढला आणि गियरच्या कडेवर ठेवला. मग तिगाव टेशनाकडं पायी निघाले. आम्ही हाक मारली नाही. त्यांची सायकल दोन दिवस आमच्या निंबाखाली उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्हती. शेपर त्या दिवसापासून गप्प झाला. मी सकाळी जागा व्हायचो तो त्या गप्प असण्यानं.

जिनमधून परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी एकटा वर्कशॉपात बसलो होतो. यंत्र तेलानं पुसावं म्हणून जीभ पूर्ण खाली काढली आणि उलटी केली. तिच्या टोकाखाली, जिथं ती दात्यावर टेकते तिथं, लाल खपली होती. आईच्या अंगठ्याचं कुंकू. हळदीच्या पाण्यानं घट्ट बसलेलं, जुन्या जखमेवर असते तसं कडक, नखाएवढं जाड. मी ती नखानं काढली. ती काडकन निघून पाटावर पडली. त्याच गियरच्या जोडीला, त्याच फर्म्यावर काकांनी कापलेलं दुसरं चाक कोपऱ्यात होतं. त्याच्या दात्यावर जीभ टेकवली. आकडा आला तो पुस्तकातला, हवा तो, थाऊला थाऊ. दुसऱ्या दात्यावर तोच. तिसऱ्यावर तोच. मी पूर्ण चाक मोजलं. दारातून ऊन येत होतं, तंतू तरंगत होते, मागं आई वांगी चिरताना काहीतरी गुणगुणत होती, आणि मी एकेक दाता मोजत गेलो, एखादा तरी चुकीचा निघावा म्हणून. एकही निघाला नाही.

उठून मागं जायचं होतं आणि दोन वाक्यं बोलायची होती. पण बाबा तेवढ्यात बाजारातून आले. सगळीकडं सांगून आले होते, पोरानं चूक पकडली म्हणून. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आईला म्हणाले, "आज गोड कर काही." आईनं रव्याचा शिरा केला. मी खाल्ला.

दहाएक दिवसांनी कळलं की जिनवाल्यांनी बुश बदलला आणि खडखड बंद झाली, गियर तेच. बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं पाहिलं. ते म्हणाले, "असो." आमच्या दोघांत त्या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. बाबा गेले तेव्हाही ते "असो" आमच्यामधेच होतं.

काका मला त्यानंतर एकदाच भेटले. पांढुर्ण्याला, संत्र्याच्या हंगामात. नागपूरच्या गाडीला वेळ होता म्हणून मी मंडईकडं गेलो होतो. सगळीकडं संत्र्यांचे ढीग, पेंढा, आणि त्या वासानं जड झालेलं ऊन. माणसं त्यात पाण्यातून चालल्यासारखी चालत होती. एका मांडवात पेट्या ठोकायचं काम चाललं होतं. एक ठोकणारा प्रत्येक खिळा मारण्याआधी क्षणभर डावा डोळा मिटत होता. मी त्यांच्याकडं वळायला हवं होतं. त्यांनीच हाक मारली, "अरे, गजू! कवा आला?"

तोंडातला खिळा काढून त्यांनी आईची तब्येत विचारली, बाबांची विचारली. ढिगातलं एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाले, "काय म्हणत होता तू त्या यंत्राले? मी इसरलो. नाव सांग बरं एकदा."

"गियर टूथ व्हर्नियर."

"गियर टूथ," ते म्हणाले. "म्हंजे आपलंच होतं ते. मी सुपारी मोजून पाहिली, येडा." आणि हसले. मग हातोडी उचलत म्हणाले, "बरं झालं तू मोजलं. मले तं बराबरच दिसून राहिलं होतं."

माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती. ती गिळून बोलता आलं असतं. मी म्हणालो, "गाडीचा टाइम झाला, काका."

ते आता नाहीत. मला उशिरा कळलं, कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत. त्यानंतरही दोन वर्षं गेली. शेवटी यंदा, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी रामाकोन्याला गेलो. त्यांची बायको, पंचफुलाकाकू, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "केस गेले रे तुहे सगळे." चहा दिला. मग मी सांगितलं, पहिल्यापासून, कुंकवासकट. मधे थांबलो की त्या म्हणायच्या, "हं, मंग?" आणि शेंग सोलायच्या. जिभेखालच्या खपलीपाशी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे त्याईचं चाक बराबर होतं."

"हो. थाऊला थाऊ."

"हे तुले कवा समजलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेली दातेरी चाकं. लहान, मोठी, शंभर तरी असतील. "रोज कामावरून आले का हेच," त्या म्हणाल्या. "कैची, पत्रिका, आन् उजेडासमोर धराचं. मी म्हणो, आता कायले? तं म्हणे, फुला, कुठं चुकलो ते पाहून राहिलो. बुश बदलून खडखड थांबली हे आयकलं, तरी म्हणे, मोजलं तं चौदा कमीच भरलं ना. म्हणे, माह्या डोयात खोट आली आन् मलेच समजली नाही. आमच्या पोराले या लाइनीत जाऊ नाही देल्लं. म्हणे, डोयाची खोट रक्तात असते." त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "मरेपर्यंत पाहून राहिले होते, गजू. नोकरीचं नाही म्हणत मी. पेट्या ठोकूनबी घर चाललं. पण त्या मानसाचा आपल्या डोयावरचा भरोसा गेला, तो तुह्यापाशी होता. खिशात घेऊन फिरून राहिला तू."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"मले कायले सांगून राहिला?" त्या म्हणाल्या. "मले तं माहीतच होतं त्याईचं काम. तवा चारचौघांत सांगितलं होतं ना तू? मंग हेही चारचौघांत सांग."

मला वाटलं त्या बोलण्यापुरतं म्हणतायत. त्यांनी नातीला हाक मारली. "जा व, बुद्धविहारापुढं मानसं बसली असतील, त्याईले म्हणा आजीनं बलावलं. आन् तिगावच्या जिनात होता तो कोपऱ्यातला बुढा, त्यालेही आण, हात धरून." पाच-दहा मिनिटांत ओट्यासमोर माणसं जमली. काही म्हातारे, काही काकांना कधी न पाहिलेले तरुण, मोबाइल खिशात घालत. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. त्या बुढ्याला खुर्ची दिली. काकू माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, हात कमरेवर.

मी म्हणालो, "मी सौंसरचा. गजानन. सुखदेव काकांबद्दल..."

"काका नोको म्हणू. पुरं नाव घे."

मी पूर्ण नाव घेतलं. सांगितलं की त्यांनी कापलेलं गियर बरोबर होतं, प्रत्येक दाता बरोबर होता. चूक माझ्या यंत्रात होती आणि मला ती दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होती. मी ओट्याकडं बघत बोलत होतो. खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं कानामागं तळहात धरला आणि आजूबाजूला पाहिलं.

"जोरानं सांग," काकू म्हणाल्या. "मांगच्याइले आयकू नाही येऊन राहिलं."